खुलासा : जँगो बंद झालेलं नाही

जळगाव-धुळ्याच्या कॉलेज ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘जँगो बंद पडतंय, सारखे सिक्युरिटी पॅच येतात म्हणजे ते कच्चं आहे, प्रोजेक्ट दुसऱ्या फ्रेमवर्कवर न्या.’ हे खरं नाही. (जँगो म्हणजे पायथन भाषेत वेबसाइट बनवायचं तयार फ्रेमवर्क, म्हणजे सांगाडा; पॅच म्हणजे छोटी दुरुस्ती.)

एप्रिल 2024 मध्ये थांबला तो फक्त 3.2 या आवृत्तीचा सपोर्ट. तारीख आधीच जाहीर होती. जँगोच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला साधारण तीन वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. एप्रिल 2025 ला आलेल्या 5.2 ला त्या एप्रिल 2028 पर्यंत मिळणार आहेत. हे सगळं जँगोच्या अधिकृत संकेतस्थळावर दिलेलं आहे, कुणीही उघडून पाहावं.

आता पॅचबद्दल, कारण खरी भीती तिथेच आहे. 5.2.1 मधला शेवटचा आकडा वाढतो तेव्हा त्यात नवी फीचर्स नसतात, दुरुस्त्या असतात. सुरक्षेची त्रुटी आधी खासगीत कळवली जाते, दुरुस्ती तयार झाली की मगच जाहीर होते. त्रुटी उघडपणे सांगणारा प्रकल्प मला तरी जास्त भरवशाचा वाटतो.

पोरांनो, परीक्षेच्या तोंडावर चालतं प्रोजेक्ट मोडू नका. रिक्वायरमेंट्स फाईलमधली (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसची यादी असते ती) जँगोची आवृत्ती तपासा, जुनी असेल तर वाढवा. आणि तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.