‘उणे दहा दिसलं की तिकीट काढा’? गुलमर्गच्या फॉरवर्डला उत्तर

नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. त्यातले दावे थोडक्यात असे: जितकी थंडी तितका बर्फ, म्हणून फोनवर गुलमर्गला उणे दहा दिसलं की तिकीट काढा. रिसॉर्टवाले ‘६० सेंटिमीटर’ म्हणाले की स्कीइंग निर्धास्त. बर्फ पडून गेल्यावर स्वच्छ ऊन पडलं तर तो दिवस सगळ्यात सुरक्षित. आणि गॉगल फक्त फोटोपुरता.

‘जितकी थंडी तितका बर्फ.’ हे खोटं आहे, आणि इंदुरात राहणाऱ्याला ते पटायला जड जाऊ नये. मावठा पडतो त्या रात्री ढग असतात आणि पारा फारसा उतरत नाही. हाडं गोठवणारी सकाळ येते ती मावठा सरून आभाळ मोकळं झाल्यावर, उत्तरेचं वारं सुटल्यावर. हा मावठा आणणारा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी पाऊस-बर्फाची प्रणाली, बहुधा काश्मिरात बर्फ टाकणाराच असतो, आणि क्रम तिथेही हाच. ढग जमिनीची उष्णता अडवून धरतात, म्हणून बर्फ पडताना पारा बरेचदा शून्याच्या जरासाच खाली असतो. उणे दहाचा अर्थ अनेकदा ‘आभाळ निरभ्र, बर्फ पडत नाहीये’ एवढाच. त्यातून हवा एका अंशाने गार झाली की तिची बाष्प धरण्याची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी घटते, म्हणजे बर्फाला कच्चा माल कमी.

जानेवारी २०२४ आठवा. २१ डिसेंबरला सुरू होणारा चाळीस दिवसांचा कडाक्याच्या थंडीचा काळ, ‘चिल्लई कलां’, चालू होता, रात्री गोठत होत्या, आणि गुलमर्गचे उतार जवळजवळ उघडे होते. थंडी होती, विक्षोभ नव्हते. २०२५ च्या फेब्रुवारीतही तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या.

‘फोनवरचा आकडा पाहा.’ कुठल्या उंचीचा? गुलमर्गचं मैदान साधारण २,६५० मीटरवर आहे, गोंडोलाचा (रोपवेचा) पहिला टप्पा कोंगदूरीला ३,१०० च्या आसपास संपतो, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर ३,९५० च्या आसपास. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश धरले तर खालून वर आठेक अंशांचा फरक पडतो. निरभ्र, शांत रात्री मात्र हे उलटतं. गार हवा जड होऊन खाली साचते आणि पहाटे श्रीनगर गुलमर्गपेक्षाही थंड असू शकतं.

त्यापेक्षा शून्य अंशाची पातळी किती उंचीवर आहे ते शोधा. हिमकण वितळायला वेळ लागतो, त्यामुळे त्या पातळीच्या खाली दोन-तीनशे मीटरपर्यंत बर्फच पडतो. पातळी ३,४०० वर असेल तर अफरवटला बर्फ आणि खाली मैदानात पाऊस. तो भिजलेला थर रात्री गोठतो आणि सकाळी नवशिके ज्याच्यावर आपटतात ती काच तयार होते.

वाऱ्याचं गणित वेगळंच. उणे १० आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर कातडीला उणे २० सारखं झोंबतं. बर्फाला त्याचं काही नाही. पण जोराच्या वाऱ्यात गोंडोला बंद ठेवतात. दुसऱ्या टप्प्याचं तिकीट हातात असलेल्याने तापमानाआधी वारा पाहावा.

‘६० सेंटिमीटर म्हणजे निर्धास्त.’ कुठे मोजले, कधी मोजले? ताज्या, भुसभुशीत बर्फाचे दहा सेंटिमीटर वितळवले तर जेमतेम एक सेंटिमीटर पाणी निघतं. खाली जुना थर नसेल तर ६० सेंटिमीटर भुसा असूनही स्की थेट दगडाला लागते. यंत्राने दाबलेले ३० सेंटिमीटर त्याहून बरे. मूठभर बर्फ दाबून पाहा: लाडू वळला तर ओला, स्की ओढून धरणारा, हातातून सुटला तर कोरडा.

‘ऊन पडलं की सुरक्षित.’ बाकीचे दावे पैसे बुडवतात, हा जीव घेतो. हिमस्खलनाचा धोका बर्फवृष्टी चालू असताना आणि ती थांबल्यावर पहिल्या २४ ते ४८ तासांत सर्वाधिक असतो, म्हणजे नेमका त्या छान उन्हाच्या दिवशी. वारा एका बाजूचा बर्फ उचलून आडोशाच्या उतारावर टाकतो. तिथे आभाळातून कण न पडताही जाड, कडक थर साचतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर माणसाच्या वजनानेही तो सुटतो. अडकलेल्यांपैकी बहुतेकांनी तो स्वतःच सोडलेला असतो, किंवा त्यांच्या सोबत्याने.

इथे थंडीचा दुसरा चेहरा दिसतो. बर्फाखालची जमीन शून्याच्या आसपास असते. वरचा पृष्ठभाग उणे १५ आणि थर फक्त ५० सेंटिमीटर असेल तर दर दहा सेंटिमीटरला तीन अंशांचा फरक. हा फरक दर दहा सेंटिमीटरला एक अंशाच्या वर गेला की आतली वाफ वर सरकते आणि तळाचे कण एकमेकांना न धरणाऱ्या टोकदार दाण्यांत बदलतात. कोरड्या, कडाक्याच्या डिसेंबरने घातलेला हा कच्चा पाया फेब्रुवारीच्या जड बर्फाखाली सरकतो.

१ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले, २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन. दुसऱ्या घटनेच्या आधीचे दिवस जोरदार बर्फवृष्टीचे होते.

मैदानालगतच्या सौम्य उतारांवर शिकणाऱ्यांनी घाबरू नये. दुसऱ्या टप्प्यावरून दोरीपलीकडे, म्हणजे आखून दिलेल्या उतारांबाहेर, जाणाऱ्यांनी मात्र संरक्षण खात्याच्या डीजीआरई या संशोधन संस्थेचा हिमस्खलन इशारा पाहावा, आणि प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), शोधकाठी, फावडं असावं. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर वाचण्याची शक्यता चांगली असते. पुढे ती झपाट्याने घसरते. बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही, सोबत्यांनीच खणायचं असतं.

गॉगल. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परतवतो, आणि दर हजार मीटरला ती दहाएक टक्क्यांनी वाढतात. ढग असले तरी घाला.

तारखा हातात असतील तर नाताळ सोडा, जानेवारीची अखेर ते फेब्रुवारी धरा. निघण्याच्या चार-पाच दिवस आधी विक्षोभ येतोय का, शून्याची पातळी कुठे आहे आणि माथ्यावर वारा किती, एवढं पाहा. विमानाचं तिकीट रद्द करता येण्याजोगं घ्या, कारण चांगला बर्फ टाकणारा विक्षोभच श्रीनगरची विमानं अडवतो.