अधिक माहितीसाठी प्रकरण १९ पाहा

जाड पुस्तकांच्या प्रस्तावनेवर विश्वास ठेवू नये. लिनक्स या संगणक प्रणालीवरच्या माझ्याकडच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलं होतं की, वाचकाला कोणतंही पूर्वज्ञान असल्याचं गृहीत धरलेलं नाही. हे वाचून मी इतका सुखावलो की पुढची हजारभर पानं मला दिसलीच नाहीत. पूर्वज्ञान नसणं या एकाच बाबतीत मी पुरेपूर तयार होतो. पण प्रस्तावना असते रोमन आकड्यांच्या पानांवर. खरं पुस्तक सुरू होतं पान १ वर, आणि पान ३ वर लेखक सहज म्हणून जातो, ‘आता नेहमीप्रमाणे शेल उघडा.’

नेहमीप्रमाणे! (शेल म्हणजे आज्ञा टाइप करून संगणकाशी बोलायची जागा, हे मला पुढे कळलं.)

झालं होतं असं की, माझ्या जुन्या संगणकावरच्या प्रणालीची मुदत संपली आणि नवी प्रणाली पेलण्याइतकी त्याची ताकद उरली नव्हती. भाचीने येऊन त्यावर लिनक्स घालून दिलं. ‘‘मामा, सगळं माउसनेच होतं. तुला नवीन काही शिकायला लागणार नाही,’’ असं तिने दोनदा बजावलं. ते खरंही होतं. पत्र लिहिणं, फोटो बघणं, बातम्या वाचून चिडणं, सगळं पहिल्याच दिवशी सुरळीत सुरू झालं. पण एखादी वस्तू आतून कशी चालते हे समजून घेतल्याशिवाय ती वापरणं माझ्या तत्त्वात बसत नाही. (लिफ्ट, मोटार आणि मोबाइल यांना हे तत्त्व लागू नाही.) म्हणून मी लिनक्सचा संदर्भग्रंथ घेतला. जुनी आवृत्ती होती, पण ज्ञान काय शिळं होतं का, असं मी तेव्हा म्हणालो होतो. त्याचं पुढे काय झालं ते येईलच.

पहिलीच अडचण अगदी घरगुती होती. पेन ड्राइव्ह लावला होता, तो आज्ञा देऊन रीतसर काढायचा होता. मी सूची उघडली. ‘पेन ड्राइव्ह’ पाहिलं, तर तिथे ‘काढती माध्यमं पाहा’. काढत्या माध्यमांपाशी गेलो, तर ‘माउंटिंग पाहा’. माउंटिंगपाशी (म्हणजे ड्राइव्ह प्रणालीला जोडून घेण्यापाशी) सात पानांचे क्रमांक, आणि त्यातल्या ठळक छापलेल्या पानावर एकच ओळ, ‘अधिक माहितीसाठी प्रकरण १९ पाहा.’ प्रकरण १९ उघडलं. त्यात पेन ड्राइव्ह नव्हता. त्यात ‘आयनोड’ नावाचा पदार्थ होता, त्याच्यात फाइलीची सगळी माहिती असते, फक्त फाइलीचं नाव सोडून. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. खरंच, नाव सोडून. मालकाचा क्रमांक आहे, आकार आहे, शेवटचा बदल कधी झाला ते आहे, पण नाव नाही. नाव ठेवतं ते फोल्डर. म्हणजे एकाच फाइलीला दोन नावं असू शकतात आणि दोन्ही खरी. हे मला इतकं आवडलं की संध्याकाळ त्यातच गेली. पेन ड्राइव्ह तसाच.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की संदर्भग्रंथ हा ज्याला उत्तर माहीत आहे त्याच्यासाठीच लिहिलेला असतो. सूचीत शोधायला त्या गोष्टीचं नाव ठाऊक पाहिजे, आणि नाव ठाऊक असेल तर पुस्तक हवंय कोणाला? पुढे ती आज्ञा सापडली, ‘अनमाउंट’. मोठ्या ऐटीत टाइप केली. संगणक म्हणाला, अशी आज्ञाच नाही. पुन्हा पान उघडून अक्षर अन् अक्षर पाहिलं. त्या आज्ञेत पहिला ‘एन’ नाहीच. ‘यूमाउंट’! पुस्तकात सगळीकडे तसंच छापलेलं, आणि मी आपला छपाईची चूक समजून मनातल्या मनात सुधारत वाचत होतो.

या काटकसरीमागे इतिहास आहे, आणि तो मात्र पुस्तकाने छान सांगितला होता. लिनक्सला ही वळणं मिळाली युनिक्सकडून. युनिक्सचा जन्म १९६९ चा, अमेरिकेतल्या बेल लॅब्समधला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे त्याचे मुख्य जनक. त्या काळी समोर पडदा नसायचा, टेलिटाइप नावाचं खडखडणारं यंत्र असायचं. ते कागदावर छापायचं आणि सेकंदाला जेमतेम १० अक्षरं उमटवायचं. त्याच्या कळा दाबायलाही जोर लागायचा. साहजिकच जो तो अक्षरं वाचवायला लागला. यादी दाखवायची तर ‘एलएस’, नक्कल करायची तर ‘सीपी’, हलवायचं तर ‘एमव्ही’, कायमचं उडवायचं तर ‘आरएम’. पुढे कोणीतरी थॉम्प्सनना विचारलं, की युनिक्स पुन्हा लिहायला घेतलंत तर काय बदलाल? ते म्हणाले, ‘क्रिएट’च्या शेवटी ‘ई’ लावीन. फाइल निर्माण करण्याच्या त्या हाकेतलं शेवटचं अक्षर त्यांनी त्या वेळी वाचवलं होतं. म्हणजे गृहस्थाला खंत होती ती एवढीच! माझं काय झालं ते त्यांना कोणी कळवलेलं दिसत नाही.

१९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने स्वतःची प्रणाली लिहायला घेतली, तेव्हा त्याने जाहीरच केलं होतं की हा आपला नुसता छंद आहे, काही मोठं होणार नाही. त्याच्या छंदाचा माझ्याकडचा ग्रंथ मांडीवर ठेवला की पायाला मुंग्या यायच्या.

असो. आज्ञा पाठ होऊ लागल्या, पण मग दुसराच त्रास सुरू झाला. ही प्रणाली अबोला धरलेल्या माणसासारखी वागते. फाइलीची नक्कल करायची आज्ञा दिली, एंटर दाबलं. काहीच नाही. झालं, नाही झालं, होतंय, रागावलात का, काही म्हणजे काही नाही. पुढच्या ओळीवर कर्सर लुकलुकत उभा. मी पुन्हा तीच आज्ञा दिली. पुन्हा शांतता. (पहिल्या नकलेवर तिने गुपचूप दुसरी नक्कल चढवली होती, तेही न सांगता.) पासवर्ड विचारला तेव्हा तर कहर झाला. मी टाइप करतोय आणि पडद्यावर अक्षर नाही, तारा नाही, ठिपका नाही. मला वाटलं कीबोर्ड गेला. तो उलटा करून झटकला, बराच कचरा पडला, पासवर्ड काही दिसेना. पुस्तकाच्या म्हणण्याप्रमाणे पाठीमागून बघणाऱ्याला पासवर्ड किती अक्षरी आहे हेही कळू नये, म्हणून ही व्यवस्था. माझ्या पाठीमागे भिंत होती.

मौनाचं कारण मात्र पटण्यासारखं निघालं. १९७३ पासून युनिक्समध्ये ‘पाइप’ आहे. डग्लस मॅकइलरॉय यांच्या आग्रहामुळे तो आला. एका आज्ञेचं उत्तर थेट दुसरीच्या तोंडात घालायचं आणि तिचं तिसरीच्या. पहिली आज्ञा फाइलींची नावं सांगते, दुसरी ओळी मोजते, झाला हिशोब. आता पहिलीने अघळपघळपणे ‘काम झालं बरं का!’ असं म्हटलं, तर दुसरी ते वाक्यही मोजणार. म्हणून सगळ्यांनी तोंड मिटून राहायचं आणि चुकलं तरच बोलायचं. मी हे भाचीला फोनवर समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मामा, मला माहितेय.’’ तिलाही ही सवय लागली असावी, कारण पुढे ती काही बोलली नाही.

तिला काही विचारलं की तिचं एकच उत्तर असायचं, ‘‘मॅन बघ ना.’’ ‘मॅन’ म्हणजे संगणकाच्या पोटातच असलेली नियमपुस्तिका. कोणत्याही आज्ञेच्या आधी ‘मॅन’ लिहायचं की तिची माहिती येते. ‘मॅन’बद्दल माहिती हवी असेल तर ‘मॅन मॅन’ लिहायचं. इथपर्यंत माझी तक्रार नाही. पण ग्रंथ म्हणतो, बारकाव्यांसाठी मॅन पाहा. मॅन उघडलं की तळाशी लिहिलेलं असतं, संपूर्ण माहितीसाठी ‘इन्फो’ पाहा. इन्फो उघडलं की ते वाचायचं कसं आणि त्यातून बाहेर कसं पडायचं हेच कळत नाही, आणि त्यासाठी ग्रंथ उघडावा लागतो. तिघांनी संगनमत करून मला एकमेकांच्या दारी धाडलं.

बाहेर पडण्याचा विषय निघालाच आहे तर ‘व्हीआय’बद्दल फार बोलत नाही. मजकूर लिहायचा-सुधारायचा हा प्रोग्राम बिल जॉय यांनी १९७६ मध्ये लिहिला. त्यात शिरणं सोपं आहे. बाहेर पडण्याची युक्ती माझ्या ग्रंथात कर्सर डावी-उजवीकडे नेण्याच्या चौदा पानांनंतर दिलेली होती. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळाने २०१७ मध्ये जाहीर केलं की ‘व्हीआय’च्या धाकट्या भावातून, म्हणजे ‘व्हिम’मधून, बाहेर कसं पडायचं हा प्रश्न तोवर दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. हे वाचून मला जे बरं वाटलं ते कोणत्याही प्रकरणाने वाटलं नाही.

खरी मजा आली ती प्रोसेसच्या प्रकरणात. या प्रणालीत चालू असलेल्या प्रत्येक कामाला आईबाप असतात. आईबाप आधी गेले तर मूल अनाथ होतं, आणि मग बहुधा क्रमांक १ ची प्रोसेस त्याला दत्तक घेते. इथवर डोळे पाणावतात. पण मूल आधी संपलं आणि आईबापांनी त्याची विचारपूसच केली नाही, तर ते होतं झाँबी. आहे मेलेलंच, पण यादीत नाव राहतं. त्याला ठार करायची आज्ञा देऊन उपयोग नाही, कारण मेलेल्याला काय मारणार? उपाय एकच, बेफिकीर आईबापांना मारायचं, आणि साध्या आज्ञेला दाद दिली नाही तर नऊ क्रमांकाचा, नाकारता न येणारा हुकूम सोडायचा. मग क्रमांक १ येऊन अंत्यविधी उरकते. माझ्या यादीत असा एक झाँबी दिसला तेव्हा मी नेमका दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसलो होतो, लॅपटॉप मांडीवर. भाचीला फोन लावला आणि तिला नीट ऐकू जावं म्हणून स्पष्ट विचारलं, ‘‘पोराला दोनदा मारून पाहिलं, जात नाहीये. आता सरळ त्याच्या बापालाच मारतो. नाही ऐकलं तर नऊ नंबर लावू ना?’’ शेजारच्या बाई उठून दुसऱ्या बाकावर गेल्या. कंपाउंडरने माझा नंबर लवकर घेतला.

आता शिळ्या ज्ञानाविषयी. संगणक सुरू होताना काय काय घडतं यावर ग्रंथात एक देखणं प्रकरण होतं. शून्य ते सहा असे सात ‘रनलेव्हल’. शून्य म्हणजे बंद, एक म्हणजे एकट्याने दुरुस्ती करायची अवस्था, सहा म्हणजे पुन्हा सुरू. कोणत्या पायरीला कोणतं काम सुरू होणार हे सगळं एका फाइलीवरून ठरायचं. मी ते प्रकरण घोकलं. संपूर्ण ग्रंथात समासात एकही प्रश्नचिन्ह न काढता वाचलेलं ते एकमेव प्रकरण. मग ती फाइल उघडायला गेलो, तर नाही. दुसरीकडे शोधली, तर नाही. ‘‘ते सगळं गेलं रे मामा,’’ भाची म्हणाली. ‘‘आता ते काम सिस्टमडी नावाचा प्रोग्राम करतो. डेबियन या लिनक्सच्या अवताराने २०१५ च्या आवृत्तीतच तो घेतला.’’ नेटवर्कच्या प्रकरणातली ‘इफकॉन्फिग’ ही आज्ञा मला दिसली, आवडली आणि पाठ झाली, त्याच्या कितीतरी आधी ‘आयपी’ नावाच्या आज्ञेने तिची जागा घेतली होती. ग्रंथातलं मला न कळलेलं सगळं मात्र अजून जसंच्या तसं लागू आहे. आयनोडमध्ये आजही फाइलीचं नाव नसतं.

शेवटी उरलं परिशिष्ट. आज्ञांची अकारविल्हे यादी, प्रत्येकीला दोन ओळी. थकलेल्या माणसाला असलं वाचन झेपतं. मी ‘डब्ल्यू’पर्यंत पोचलो तेव्हा ‘हूअॅमआय’ भेटली. ‘मी कोण?’ असं विचारायचं, आणि संगणक क्षणात तुमचं नाव सांगतो. कोऽहम् या प्रश्नापायी लोकांनी संसार सोडले, इथे एंटर दाबलं की काम झालं.

आणि त्यानंतर, अगदी तळाशी, ‘यस’. मला आधी वाटलं हीसुद्धा छपाईची चूक. पण नाही, अशी आज्ञा आहे, आणि तिचं काम एकच: ‘वाय’ हे अक्षर ओळीमागून ओळ लिहीत राहणं, थांबवेपर्यंत. खात्री आहे का, खात्री आहे का, असं दर पावलाला विचारणाऱ्या आज्ञांना परस्पर होकार देत राहायला ती केली आहे. शिवाय तिला आपलं वाक्य दिलं तर ‘वाय’ऐवजी तेच वाक्य लिहीत राहते. मी दिलं: ‘मामांनी आख्खं पुस्तक वाचलं.’ एंटर दाबलं आणि पडदा ओसंडून वाहायला लागला. इतके दिवस ज्याच्या तोंडून शब्द निघाला नव्हता तो संगणक डोळ्यांनी वाचता येणार नाही अशा वेगाने माझं कौतुक करत सुटला. पंखा घरघरायला लागला.

भाची आत आली, पडद्याकडे बघत राहिली. ‘‘मामा, हे थांबवायचं कसं ते माहितेय ना? कंट्रोल-सी.’’

‘‘माहितेय,’’ मी म्हणालो. ‘‘चालू दे जरा.’’