स्टाउटमध्ये केक कशाला कालवता?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

दुपारी इथे मँचेस्टरमध्ये एका टॅपरूमला, म्हणजे बिअरच्या बारला, गेलो होतो. फळ्यावर इम्पीरियल स्टाउट (स्टाउट म्हणजे भाजलेल्या बार्लीची काळी बिअर, इम्पीरियल म्हणजे जास्त कडक) दिसली, हौसेनं मागवली. पहिल्या घोटाला व्हॅनिला, मग मार्शमेलो, मागून हेझलनटचं सिरप. बार्लीचा पत्ताच नाही! बरोबरचा एकजण खूश होऊन म्हणाला, "वा, चॉकलेट केक प्यायल्यासारखं वाटतंय." अरे, मग केकच खा ना बाबा!

माझ्या यादीतली तुम्ही मंडळी चवीची आहात. पुरणात एसेन्स घातलेला तुम्हाला खपत नाही. मग हे का खपवून घ्यायचं?

मला घरी स्टाउट करायला शिकवली आमच्या शेजारच्या आजोबांनी. मूळचे आयर्लंडमधल्या कॉर्कचे. (स्टाउट म्हटलं की लोकांना डब्लिनच आठवतं, याचा त्यांना भयंकर राग. कॉर्कमध्ये बीमिशची बिअर 1792 पासून आणि मर्फीजची 1856 पासून आहे, हे ते कुणालाही थांबवून सांगतात.) पहिल्या दिवशी त्यांनी ना भांडं काढलं, ना यीस्ट. भाजलेल्या बार्लीची पिशवी उघडली, चार काळे दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "चावून बघ." आधी कडू. मग कॉफी. मग करपलेल्या पावाच्या कडेसारखं काहीतरी, आणि अगदी शेवटी कोको. "आता सांग, यात वरून काय घालायचंय?"

संपला की विषय! कॉफीची बी, कोकोची बी आणि बार्ली, तिन्ही भाजल्या की एकाच कुळातले वास सुटतात. घरात चकलीची भाजणी भाजताना ज्यानं वास घेतलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. सगळी करामत आचेची आहे. 1817 मध्ये इंग्लंडात डॅनियल व्हीलरनं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) काळं होईपर्यंत भाजणाऱ्या पिंपाचं पेटंट घेतलं. तेव्हापासून हा रंग आणि ही चव धान्यातूनच मिळते, आणि आपण सिरपच्या बाटल्या ओततोय.

बरं, मिल्क स्टाउटमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घालतात, ते यीस्टला पचत नाही म्हणून गोडी राहते, आणि ही पद्धतही शंभर वर्षांची आहे. मान्य. ओट्सही मान्य. पण मार्शमेलो?

घरी करणाऱ्यांचंही तेच. "वीस लिटरला कोको पावडर किती?" शून्य! साडेतीन किलो पेल (फिक्या रंगाचं) माल्ट, सातशे ग्रॅम फ्लेक्ड (चपटी केलेली) बार्ली, साडेचारशे ग्रॅम भाजलेली बार्ली. 66 अंशांच्या आसपास तासभर मॅश, म्हणजे धान्य गरम पाण्यात मुरवायचं, मग ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स (कडवटपणासाठीची फुलं) घालून तासभर उकळी. गार झाल्यावर आयरिश एल यीस्ट, आणि 18 ते 20 अंशांत दोन आठवडे झाकण न उघडता. बाटलीत भरल्यावर आणखी महिनाभर कळ काढा. उकळी झाल्यानंतर बिअरला लागेल ती प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी, त्यात तडजोड नाही.

आणि पाणी! याबद्दल कुणी बोलतच नाही. डब्लिनच्या पाण्यात कार्बोनेट भरपूर, ते काळ्या दाण्याचा आंबटपणा आवरतं. मँचेस्टरला लेक डिस्ट्रिक्टचं मऊ पाणी येतं, त्यात तीच स्टाउट जिभेला टोचते. आजोबा मॅशमध्ये चिमूटभर खायचा सोडा टाकतात. मोजून, पीएच बघून. चवीत काही खटकलं तर आधी पाणी बघायचं, हे मला त्या स्वयंपाकघरात कळलं. सिरपवाल्यांना कोण सांगणार?

आता त्यांचे हात थरथरतात. वीस लिटरचं पातेलं मी उचलतो, ते खुर्चीत बसून थर्मामीटर वाचतात. पण ग्लास भरला की अजूनही तो आधी दिव्यासमोर धरायला लावतात. काळीकुट्ट दिसणारी स्टाउट कडेला गडद लाल असते, माणकासारखी. ते लाल दिसलं की त्यांचा चेहरा असा काही खुलतो की माझा दिवसभराचा राग उतरतो. आत्ताही लिहिता लिहिता थोडा उतरलाच आहे.

टॅपरूमवाल्यांनाही पोट आहे, गोड विकलं जातं, कळतं मला. तरी फळ्यावर स्टाउट लिहिलंत तर त्यात बार्ली लागली पाहिजे. यावर मी मागे हटणार नाही.

इथे ब्रिटनमध्ये घरी पिण्यापुरती बिअर करायला 1963 पासून परवाना लागत नाही. महाराष्ट्रातल्या मित्रांनो, तिकडे विनापरवाना हे करता येत नाही, तेव्हा मला रेसिपीचे फोटो मागू नका, इकडे आलात की या. मँचेस्टरवाल्यांनो, पुढचा घाणा रविवारी लावतोय. सकाळी नऊला या, दाणे चावायला देतो.