घड्याळाखाली भेटू

"घड्याळाखाली उभा आहे," मेव्हणा फोनवर म्हणाला. मीही घड्याळाखालीच उभा होतो. तरी भेटायला पस्तीस मिनिटं लागली, आणि रात्री त्याने ताईला सांगितलं काय, तर "भावोजी उशिरा आले."

बर्लिनच्या अलेक्झांडरप्लाट्झ चौकातलं हे जागतिक घड्याळ दहा मीटर उंच. खांबावर चोवीस बाजूंचं भलंथोरलं पिंप, बाजूबाजूवर जगातल्या शहरांची नावं, आतून आकड्यांचा पट्टा सरकतो. डोक्यावर कड्यांत अडकवलेले ग्रहांचे गोळे मिनिटाला एक फेरी मारतात. आता चोवीस बाजूंच्या वस्तूच्या 'खाली' म्हणजे नक्की कुठे? दादरला इंडिकेटरखाली भेटायचं, तर निदान प्लॅटफॉर्मचा नंबर सांगतात.

शोधायला निघालो, तोच एका काकांनी अडवलं. मे महिन्यात माकडटोपी, गळ्यात टूरवाल्यांचं कार्ड.

"पुणं कुठाय हो ह्यात?"

"नसावं, काका."

"नसावं म्हणजे? चष्मा हॉटेलवर राहिलाय. तुम्ही वाचा, मी ऐकतो."

वाचू लागलो.

"टोकियो."

"असू दे."

"मॉस्को."

"ते असणारच. तेव्हा त्यांचंच चालायचं इथे."

"हवाना."

"हे कशाला?"

अख्खी फेरी झाली. पुणं नाही. "१९६९ साली बसवलंय हो," मी समजूत घातली.

"मग? १९६९ साली पुणं नव्हतं? मी मॅट्रिक झालो त्या साली!"

यावर काय बोलणार? आत ट्रॅबंट या पूर्व जर्मन गाडीचा गिअरबॉक्स बदलून बसवलाय, ही माहिती मी पुरवली. काकांनी ती नाकाने उडवून लावली.

खरं तर मला राग वेगळाच होता. पूर्व जर्मनीच्या सरकारने १९६१ साली भिंत घालून माणसं कोंडली आणि आठ वर्षांनी त्यांच्यासाठी चौकात साऱ्या जगाची वेळ टांगली. जायचं नाही, किती वाजले तेवढं बघा. भिंत गेली. पण इथे यायला मी बँकेची स्टेटमेंटं, पगाराच्या स्लिपा, परतीचं तिकीट, एवढंच नव्हे तर मेव्हण्याच्या घराचा करारनामासुद्धा दाखवला होता. खिडकीतल्या बाईने फोटो परत काढून आणायला लावला. कान दिसत नव्हते म्हणे.

काकांचं माझ्या वाचनावर समाधान झालेलं नव्हतं. ते दुसरा माणूस गाठायला पलीकडे गेले. मी पुन्हा फेऱ्या मारू लागलो, वरच्या ग्रहांसारखा. मेव्हणाही फेऱ्याच मारत होता, हे नंतर कळलं. दोघेही त्याच दिशेने.

कितव्या तरी फेरीला खांबामागून आवाज आला.

"टोकियो."

"असू दे."

वाचणारा आवाज ओळखीचा वाटला. धावत गेलो. मेव्हणा मान वर करून उभा होता, काकांनी त्याचा दंड धरलेला.

"भावोजी, थांबा जरा," तो मान खाली न करता म्हणाला, "अर्धंच झालंय."