'आमच्या आईला कुठं काय झालं होतं?' : एका फॉरवर्डला उत्तर

सध्या सांगली-मिरजेकडच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पाळी जातानाचा त्रास हे शहरी बायकांचं खूळ आहे. आपल्या आया-आज्या उसात भांगलण करत होत्या, त्यांना काही झालं नाही. असलाच त्रास तर वर्षभरात आपोआप थांबतो, नाहीतर गर्भाची पिशवी काढून टाकावी. या त्रासावर देतात त्या हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो. आणि कारखान्यांनी यासाठी सवलती दिल्या तर उद्या बायकांना कोणी कामावर ठेवणार नाही, सुप्रीम कोर्टसुद्धा हेच म्हणालं. खाली अर्थातच 'पटल्यास पुढे पाठवा'.

मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. हजेरी, शिफ्ट, रजा, पगारकपात सगळं माझ्या टेबलावरून जातं. डॉक्टर नाही मी. पण हा मेसेज आमच्या स्टाफच्या ग्रुपवर ज्यांनी टाकला त्यांच्या डोक्यावर पंखा आणि शेजारी कूलर आहे, एवढं मला इथून दिसतं.

आज्यांना काही झालं नाही, हे आजीनं सांगितलेलं नाही. नातवानं सांगितलंय. रात्री उठून सोप्यात बसणारी, 'वारं लागू दे जरा' म्हणणारी, चार दिवसांची पाळी पंधरा दिवस अंगावर काढणारी बाई त्याच घरात होती. तिचा स्वभाव तापट झालाय, असं म्हणून घरानं विषय संपवला होता. आणि खूळ शहरी म्हणाल, तर तासगावच्या बेदाणा शेडमध्ये भर एप्रिलात निवडायला बसणाऱ्या बायकांना विचारून बघा. मात्र विचारणारी बाई पाहिजे, आणि मुकादम जवळ नको.

भारतात सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षी पाळी थांबते. पाश्चात्त्य देशांत ती एक्कावन्नच्या आसपास थांबते. म्हणजे आपल्याकडे हे उलट लवकर येतं. राज्य सरकारच्या नोकरीत अठ्ठावन्नला निवृत्ती धरली तर पुढे दहा-बारा वर्षं नोकरी शिल्लक असते. आपल्या बायकांत वाफा येण्यापेक्षा (म्हणजे अचानक अंग तापून घाम फुटण्यापेक्षा) सांधेदुखी, थकवा आणि झोप न लागणं या तक्रारी जास्त ऐकू येतात, त्यामुळे पुष्कळदा त्या बाईलाच हे पाळीशी जोडलेलं आहे हे कळत नाही. ती कॅल्शियमची गोळी आणते आणि कामावर येते.

'वर्षभरात थांबतं' यात घोळ आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं डॉक्टर धरतात. ते वर्ष मोजण्यासाठी आहे, त्रासाची मुदत नव्हे. पाळी मागेपुढे होणं त्याआधी काही वर्षं सुरू असतं. अमेरिकेत हजारो बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतलेल्या 'स्वान' अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली आले. ज्यांना वारंवार वाफा येत होत्या त्यांच्यात त्या मध्यमानानं ७.४ वर्षं टिकल्या. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन कमी झालं की मेंदूतला शरीराचं तापमान सांभाळणारा भाग हळवा होतो. एरवी जाणवलीही नसती एवढी उष्णता वाढली तरी तो रक्तवाहिन्या रुंद करतो, घाम सोडतो. पत्र्याच्या शेडमध्ये, ओव्हनशेजारी उभ्या असलेल्या बाईला हे दिवसातून किती वेळा होत असेल, याचा अंदाज करा.

आता पिशवी. या एका ओळीसाठी मी हे लिहायला बसले.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. ही काही परमुलखातली गोष्ट नाही. दिवाळीच्या सुमाराला त्याच भागातल्या टोळ्या आपल्या सांगली-साताऱ्याच्या साखर कारखान्यांवर उतरतात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकाचा खाडा झाला की दंड आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर. फडात संडास नाही, पाण्याची सोय नाही, मग पाळीच नको, पिशवीच नको, असा हिशेब होतो. फॉरवर्ड लिहिणारा ज्याला उपाय म्हणतो तो हा.

शिवाय तो उपायच नाही. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एका दिवसात, पूर्ण जोरानं सुरू होतो, आणि कमी वयात हाडं ठिसूळ होण्याचा, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी ती पुष्कळदा लवकर थकतात. कॅन्सर किंवा औषधांना न जुमानणाऱ्या मोठ्या गाठी असतील तर ऑपरेशन लागतं, त्याबद्दल वाद नाही. पण अंगावरून जास्त जात असेल तर आधी सोनोग्राफी, रक्त तपासणी, गोळ्या, कॉपर-टीसारखं आत बसवायचं हार्मोनचं साधन, एवढं सगळं करून बघता येतं. हिमोग्लोबिन तर बघायलाच हवं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय आढळला होता. त्यात महिन्यातून दोनदा पाळी आली तर ती बाई मशीनपाशी उभी राहते कशी, हाच प्रश्न आहे. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग जरी दिसला तरी थांबू नये, त्याच आठवड्यात दाखवावं.

हार्मोन आणि कॅन्सरची भीती २००२ च्या एका अमेरिकी अभ्यासातून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं, आणि दोन हार्मोनांची एकत्र गोळी घेणाऱ्यांत दर दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण आठ केसेस जास्त निघाल्या. धोका शून्य नाही, पण 'गोळी घेतली की कॅन्सर' हेही नाही. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या आणि त्रास जास्त असलेल्या पुष्कळ बायकांना फायदा धोक्यापेक्षा जास्त, असं आज तज्ज्ञ मानतात. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या किंवा रक्तात गुठळ्या झालेल्या बाईचं गणित वेगळं. ते डॉक्टरनं करायचं, ग्रुप ॲडमिननं नाही.

सुप्रीम कोर्टाचं म्हणाल तर जुलै २०२४ मधलं ते प्रकरण मासिक पाळीच्या रजेचं होतं. सक्तीची रजा दिली तर बायकांना नोकरीवर घेणं टाळलं जाईल, ही शंका कोर्टानं बोलून दाखवली हे खरं. पण त्याच वेळी सरकारला सगळ्यांशी बोलून आदर्श धोरण ठरवता येतं का ते बघायला सांगितलं. फॉरवर्डमध्ये अर्धंच आलं.

आणि रजा मागतंय कोण? रजा मागितली की पगार जातो, हे आमच्या बायकांना मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. गेल्या वर्षी पॅकिंगमधल्या एक काकू माझ्याकडे आल्या. "रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई ओ ताई, पहाटं झोप लागती अन् सातला पंचिंग. सेकंड शिफ्ट द्या की." बास, एवढंच. दिली. दुसरीला उभ्याच्या कामाला स्टूल पाहिजे होतं. तिसरीला टेरिकॉटच्या जाड एप्रनऐवजी सुती चालेल का, हे विचारायचं होतं, आणि तेही तिनं सुपरवायझरला न विचारता मला विचारलं, कारण तो हसला असता.

उभ्यानं काम करणाऱ्याला बसायची सोय, पिण्याचं पाणी, संडास, हवा खेळती ठेवणं, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच होतं आणि त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या कामगार संहितेतही आहे. ब्रिटनच्या समानता आयोगानं फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या मालकांना सांगितलं, की पाळी जाण्याचा त्रास मोठा आणि दीर्घकाळचा असेल तर तो कायद्यानं अपंगत्वात धरला जाऊ शकतो, आणि मग वाजवी बदल करणं मालकाचं कर्तव्य ठरतं. उदाहरणं कसली दिली? हवा, विश्रांतीची जागा, गणवेशात सूट. आमच्या काकूंची यादीच जणू.

याच्यानं बायकांना कोणी कामावर ठेवणार नाही म्हणे. शुगर असलेल्या पुरुष ऑपरेटरला जेवणाच्या वेळा सांभाळून शिफ्ट बदलून देतो आम्ही, कितीतरी वर्षं. त्याच्यामुळे पुरुषांची भरती थांबलेली माझ्या रजिस्टरात तरी दिसत नाही.