दुप्पट वॉट-सेकंद म्हणजे एकच स्टॉप

फोटोग्राफीच्या फ्लॅशवरच्या एका लेखात म्हटलंय की २०० ऐवजी ४०० वॉट-सेकंदाचा फ्लॅश घेतला की लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ वरून थेट एफ/१६ इतकं लहान करता येतं. नाही हो! ऊर्जा दुप्पट झाली की एकच स्टॉप (म्हणजे उजेडाची एक दुप्पट) वाढतो, म्हणजे एफ/११. एफ/१६ साठी ८०० लागतील. शिवाय वॉट-सेकंद हा कपॅसिटरमध्ये साठलेल्या ऊर्जेचा आकडा. चेहऱ्यावर किती उजेड पडेल ते रिफ्लेक्टर (फ्लॅशभोवतीची चकचकीत वाटी), सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) आणि अंतर ठरवतं. दोन पडद्यांचा सॉफ्टबॉक्स एखाद-दीड स्टॉप सहज खातो. मोठा फ्लॅश विकत घेण्याआधी आहे तोच २ मीटरवरून १.४ मीटरवर आणून बघा, एक स्टॉप फुकट.

आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात, फुटाळा तलावावर भर दुपारी, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/२०० सेकंदाला नुसत्या उन्हाचंच रीडिंग एफ/११ च्या आसपास येतं. तिथे आकाश गडद करायला शटर १/५०० केलं, तर साध्या सिंकमध्ये (शटर आणि फ्लॅशचा मेळ) फ्रेमच्या कडेला काळा पट्टा येणार. हायस्पीड सिंक (वेगवान शटरसोबतही फ्लॅश चालवायची सोय) लावलं तर फ्लॅशची ताकद बरीच घटते. एनडी फिल्टरने (लेन्सवर लावायची काळसर काच) ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखेच कमी होतात, प्रमाण तेच राहतं. तेव्हा सॉफ्टबॉक्स काढा, साधा रिफ्लेक्टर लावा आणि फ्लॅश जवळ घ्या.