साठ मिली, बघून घ्या

काल आमच्या ठाण्यातल्या, गल्लीच्या तोंडावरच्या बारमध्ये स्टुलावर नीट टेकलोही नव्हतो. बारटेंडरनं पेग मेजर काठोकाठ भरलं, माझ्या नाकासमोर धरलं आणि अख्ख्या काउंटरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साठ मिली, सर. बघून घ्या."

चारही माना वळल्या. त्यांच्या लेखी मी आता 'तो मोजणारा' आहे. आणि मोजणारा मी नव्हतोच. चिली पनीरच्या पार्सलसाठी थांबलेले काका होते.

बार तसा मनासारखा. सहा स्टुलं, समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येईल एवढीच गाणी, ग्लासातून धूर काढायचे खेळ नाहीत. लिंबू संध्याकाळी पिळतात. दुपारी पिळलेला रस रात्रीपर्यंत मलूल होतो आणि बाटलीतल्या तयार आंबट मिक्सबद्दल तर न बोललेलंच बरं. नवा बार पारखायचा तर मी डायकिरी हे कॉकटेल मागवतो. साठ मिली पांढरी रम, बावीस मिली लिंबाचा रस, वीस मिली पाक. पाक म्हणजे साखर आणि पाणी वजनानं समसमान. एकूण 102. लपायला जागाच नाही. रस जोरात दाबून काढला तर सालीचा कडवटपणा लगेच जिभेवर येतो, आणि कागदी लिंबू आज पंधरा मिली देईल तर उद्या दहा, म्हणून लिंबं मोजून चालत नाही, रस मोजावा लागतो.

तर शुक्रवारी अशी डायकिरी समोर आली. गार ग्लास, वर बारीक फेस. पहिला घोट घेणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "केवढ्याला?"

मी सांगितलं.

"आणि दारू किती त्यात?"

"साठ."

"कशावरून?"

याला उत्तर नव्हतं. काकांनी शर्टाच्या खिशातून खोकल्याच्या औषधाचं टोपण काढलं. प्लॅस्टिकचं, अडीच-पाच-दहाच्या रेषांचं. "धुतलेलं आहे," म्हणाले आणि माझा ग्लास उचलला. दांडीला धरून नव्हे, खालून, तळहातात, गरम वाटी धरावी तसा. मग ग्लासातून टोपणात, टोपणातून स्टीलच्या पेल्यात. "एक… दोन…" पसरट ग्लासाला चोच नसते, त्यामुळे दर खेपेला एक ओघळ बाहेरून टेबलावर. मी "अहो काका," एवढंच म्हणत राहिलो. मोठ्या माणसाच्या हातातून ग्लास हिसकावून घेण्याचे संस्कार आपल्यावर नाहीत, याचा एवढा राग मला आधी कधी आला नव्हता.

"तेरा!" काका म्हणाले. "म्हणजे एकशे तीस. हिशेब एकशे दोनचा. अठ्ठावीस मिली पाणी मारलंय तुम्हाला!"

"तुम्ही काय घेता काका?" मी विचारलं.

"मी घेत नाही. मी नुसता बघतो."

आपल्याकडे दारू प्यायला परवाना लागतो. 1949च्या दारूबंदी कायद्यातला हा परवाना आरोग्य राखण्यासाठी म्हणून मिळतो. त्या हिशेबानं औषधाच्या टोपणानं दारू मोजणारे काका हेच काय ते कायद्याला धरून वागणारे एकटे गृहस्थ, बाकी आम्ही सगळे नुसते पिणारे. असो.

तिथंच गप्प बसायचं होतं. पण हात दाखवून अवलक्षण. मी समजवायला गेलो. काका, पाणी मारलेलं नाही, ते पडावंच लागतं. बर्फ वितळताना रममधली उष्णता ओढून घेतो, त्यातूनच पेय शून्याच्या खाली जातं. वितळल्याशिवाय गारवा नाही. कडक बर्फावर दहा-बारा सेकंद जोरात शेक केलं की मूळ पेयाच्या जवळपास निम्मं पाणी उतरतं, आणि ते उतरलं नाही तर लिंबू-रम घशाला चावतात. बर्फ आधीच ओला असला तर मात्र गारवा न देता नुसतंच पाणी जातं, तक्रार तिथं करायची. "उलट इथं पन्नासेक मिली पडायला हवं होतं," मी म्हणालो, "अठ्ठावीस कमीच आहे."

बारटेंडरचा हात थांबला.

तरी मी बोलतोय. शिवाय काका, तुमच्या मोजण्यानं मापातलं पाप सापडणारच नाही. दहा मिली रम कमी घालून दहा मिली पाणी घातलं तरी आकडा तोच. द्रवाच्या घनतेवरून दारू किती ते सांगणारा हायड्रोमीटर बुडवावा तर साखर त्याला फसवते. ओतताना डोळ्यांनी बघायचं, बस्स. मेजर तिरकं धरलं की साठातले चार-पाच मिली तिथंच गेले.

"म्हणजे कॉकटेलमध्ये फसवणं आणखी सोपं!" काका कृतार्थ चेहऱ्यानं म्हणाले. त्यांचं पार्सल आलं. ते त्यांनी न मोजताच घेतलं.

पेल्यात उरलेलं मी प्यायलो. कोमट झालं की गोडवा वर येतो आणि लिंबू मागं पडतं. शिवाय ज्येष्ठमध आणि मेन्थॉलचा वास. बिलात पूर्ण डायकिरी, वर कर. मी बारटेंडरकडे पाहिलं तर तो म्हणाला, "तुम्हीच दिलात ना सर त्यांना." मी दिला नव्हता. मी फक्त हिसकावला नव्हता. या दोन गोष्टींतला फरक या देशात कुठल्याही काउंटरवर कुणालाही समजावून दाखवा.

टोपण काका विसरून गेले, ते माझ्या खिशात आलं. रात्री स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाणी भरून पाहिलं. रेषेपर्यंत दहा ग्रॅम, बरोबर. पण काका रेषेपर्यंत भरत नव्हते, काठापर्यंत भरत होते. काठापर्यंत बारा.

तेरा गुणिले बारा, एकशे छप्पन्न. म्हणजे पाणी चोपन्न मिली. पोरानं शेक अगदी चोख केलं होतं.

हे त्याला सांगायला हवं, हे मलाही कळतं. फक्त ते टोपण घरी नेऊन मी काट्यावर तोललं, हे वगळून कसं सांगायचं ते सुचत नाहीये.